आदेश आणि मौन : निषेध करणारा खेळाडू आणि त्याची नोकरी

व्यावसायिक खेळाडूकडे आपण बहुधा दोनच दृष्टींनी पाहतो. एकतर तो नायक असतो, नाहीतर मनोरंजन करणारा. तो नोकरदार आहे, त्याच्या हाती एक छापील करार आहे, त्या करारात त्याच्या वर्तनाविषयी कलमे आहेत आणि त्या कलमांच्या आधारे त्याची रोजीरोटी थांबवता येते, ही साधी गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. खेळाडू एखाद्या राजकीय प्रश्नावर जाहीर भूमिका घेतो तेव्हा मात्र हा विसरलेला नोकरदार एकदम समोर येतो. मग प्रश्न पडतो, की कायदा त्याला काही संरक्षण देतो काय? आणि देत असेल, तर कोणाविरुद्ध?

अमेरिकेत या प्रश्नाला अर्धशतकाहून मोठा इतिहास आहे. १९६७ ते २०२० या काळातील काही प्रकरणांच्या आधारे तो येथे पाहावा, असा आमचा विचार आहे. आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही. मराठी साहित्य शिकवतो. परंतु करार, नियम, आदेश आणि निकाल या शेवटी संहिताच आहेत, आणि संहितेत काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हेही वाचावे लागते, हे आपल्या विषयाने आपल्याला शिकवलेले आहे. या इतिहासात तर न लिहिलेल्यालाच अधिक वजन आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक मूलभूत भेद लक्षात घ्यायला हवा. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याचे रक्षण करते, हे सर्वश्रुत आहे. पण हे रक्षण शासनाविरुद्ध आहे. खासगी मालकाने आपल्या नोकराला त्याच्या मतांसाठी कामावरून दूर केले, तर ही दुरुस्ती त्याच्या मदतीला येत नाही. त्यातच अमेरिकेत नोकरी ही सामान्यतः मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते. कायद्याने किंवा कराराने बंधन घातले नसेल तर कारण न देताही माणसाला काढता येते. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली. या यादीत राजकीय मत नाही. पुढच्या सगळ्या हकिकती या रिकाम्या जागेभोवती फिरतात.

पहिली हकिकत मुहम्मद अलीची. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याचा मुष्टियुद्धाचा परवाना निलंबित केला. त्याच्यावर अद्याप खटलाही उभा राहिलेला नव्हता. जूनमध्ये त्याला पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील प्रलंबित असल्याने तो तुरुंगात गेला नाही, परंतु सुमारे साडेतीन वर्षे त्याला व्यावसायिक लढतीही मिळाल्या नाहीत. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातील पंचविशी ते अठ्ठाविशीच्या मधली ही वर्षे होती.

अली कोणा मालकाचा पगारी नोकर नव्हता. त्याची उपजीविका परवान्यावर चालत असे आणि परवाना देणारा आयोग शासनाचा होता. नेमका याचाच त्याला उपयोग झाला. सप्टेंबर १९७० मध्ये संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश वॉल्टर मॅन्सफील्ड यांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. अलीच्या वकिलांनी आयोगाचीच दप्तरे तपासून पाहिली होती. त्यांत असे दिसले, की गुन्हा सिद्ध झालेल्या अर्जदारांना आयोगाने परवाने दिल्याची किमान २४४ उदाहरणे होती. खून, दरोडा, बलात्कार, इतकेच काय पण सैन्यातून पळून जाणे, असे गुन्हे त्यांच्या नावावर होते. मग नकार अलीलाच का? या प्रश्नाला आयोगाजवळ पटणारे उत्तर नव्हते आणि कायद्यापुढील समानतेच्या तत्त्वावर त्याचा आदेश टिकला नाही. पुढे २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा मताने त्याची शिक्षाही रद्द केली.

या विजयाची जातकुळी पाहण्याजोगी आहे. अलीचे मत योग्य होते, असे मॅन्सफील्ड यांनी म्हटले नाही. त्यांच्यापुढे एक लेखी आदेश होता, तो काढणारी शासकीय संस्था होती आणि तिच्या दप्तरात तिच्याच जुन्या निर्णयांच्या नोंदी होत्या. दोन संहिता शेजारी ठेवून वाचता आल्या आणि त्यांतील विसंगती उघडी पडली. अन्यायाने कागद मागे ठेवला होता, म्हणून न्यायालयाला तो वाचता आला.

क्रेग हॉजेसच्या वाट्याला असा कागद आला नाही. तो बास्केटबॉलमधील शिकागो बुल्स या संघाचा खेळाडू. लांबून चेंडू टाकण्यात त्याचा हातखंडा होता. लीगची तीन गुणांच्या फेकीची स्पर्धा त्याने १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षे जिंकली. १९९१चे विजेतेपद मिळवल्यावर संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावणे आले. हॉजेस आफ्रिकी पद्धतीचा पांढरा डगला घालून गेला आणि कृष्णवर्णीय व गरीब वस्त्यांच्या दुःस्थितीविषयी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्यासाठी लिहिलेले एक पत्र त्याने तेथे दिले. १९९२चा हंगाम संपल्यावर संघाने त्याला मोकळे केले. तो बत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर या लीगमधल्या एकाही संघाने त्याला घेतले नाही.

१९९६ साली हॉजेसने लीगविरुद्ध चार कोटी डॉलरचा दावा लावला. आपल्या राजकीय मतांमुळे संघांनी मिळून आपल्याला वाळीत टाकले, असे त्याचे म्हणणे होते. दावा मुदतबाह्य ठरला आणि १९९८ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे त्याला डावलले की नाही, या प्रश्नापर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही. येथे क्षणभर थांबून विचार करावा. काढून टाकल्याला एक तारीख असते, तेथून मुदत मोजता येते. न बोलावण्याला कोणती तारीख असते? आज बोलावणे आले नाही, उद्या येईल, पुढच्या हंगामात येईल, असे म्हणत माणूस वाट पाहतो. आणि तो वाट पाहत असताना कायद्याचे घड्याळ मात्र चालू असते.

महमूद अब्दुल-रौफची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. डेन्व्हर नगेट्स संघाच्या या खेळाडूने इस्लाम स्वीकारला होता आणि १९९५-९६च्या हंगामात तो राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहत नसे. तो ध्वज त्याला दडपशाहीचे प्रतीक वाटे. लीगच्या नियमात मात्र खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी रांगेत, आब राखून उभे राहावे, असे स्पष्ट लिहिलेले होते. १२ मार्च १९९६ रोजी लीगने त्याला निलंबित केले; एका सामन्याचे ३१,७०७ डॉलर बुडाले. दोनच दिवसांत तडजोड निघाली. त्याने उभे राहायचे, पण मान खाली घालून मनात प्रार्थना करायची. ही वाट निघण्यास त्याने आपला आक्षेप धर्माच्या भाषेत मांडला होता, ही गोष्ट निश्चितच उपयोगी पडली असणार. धर्म कायद्याच्या त्या यादीत आहे आणि धर्मपालनासाठी रास्त सवलत देण्याचे बंधन मालकावर आहे. हाच आक्षेप केवळ राजकीय म्हणून मांडला असता, तर कायद्याजवळ त्यासाठी शब्दच नव्हता. परंतु लेखी नियमाची तडजोड लेखी नियमापुरतीच राहिली. तो हंगाम संपताच, जून १९९६ मध्ये, संघाने आपला सर्वाधिक गुण मिळवणारा हा खेळाडू सॅक्रामेंटोला देऊन टाकला. १९९८ नंतर एका हंगामाचा अपवाद सोडता तो या लीगमध्ये दिसला नाही.

शासन आणि खासगी मालक यांच्यामधली ही भिंत कोठे पातळ आहे काय, याचा शोध अमेरिकी वकिलांनी पूर्वीपासून घेतला आहे. १९७७ साली मेलिसा लुडट्की या पत्रकार महिलेने खेळाडूंच्या खोलीत प्रवेश नाकारल्याबद्दल दावा लावला. तेव्हा न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी असे मानले, की यांकी स्टेडियम हे न्यूयॉर्क शहराच्या मालकीचे असल्याने तेथे चालणारा भेदभाव हा घटनेच्या कक्षेत येतो. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या मैदानांवर खेळाडूंचे भाषणस्वातंत्र्यही असेच मान्य करावे, हा युक्तिवाद तेव्हापासून अधूनमधून मांडला जातो. पण त्यावर खेळाडूची नोकरी वाचल्याचे उदाहरण आमच्या वाचनात नाही. काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आहेत. कॅलिफोर्नियात १९३७ पासून मालकाला नोकराच्या राजकीय कृतींवर कामावरून काढण्याच्या धाकाने नियंत्रण ठेवता येत नाही. कनेक्टिकटने घटनेतील भाषणस्वातंत्र्य काही मर्यादांसह खासगी नोकरांनाही दिले आहे.

कॉलिन कॅपरनिक हा तर कॅलिफोर्नियातल्याच सॅन फ्रान्सिस्को संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकी फुटबॉलमधील संघाचा सूत्रधार. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले होते. पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांच्या निषेधार्थ ऑगस्ट २०१६ मध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला. पुढे एका माजी सैनिकाशी झालेल्या चर्चेनंतर, १ सप्टेंबरपासून, त्याने बसण्याऐवजी गुडघा टेकण्यास सुरुवात केली. त्या वेळच्या लीगच्या नियमपुस्तिकेतील भाषा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मैदानाच्या कडेला हजर असलेच पाहिजे, असे ती सांगत होती; उभे राहण्याविषयी मात्र ‘राहावे’ एवढेच म्हणत होती. ‘पाहिजे’ आणि ‘वे’ यांतला हा फरक व्याकरणाच्या तासाला किरकोळ वाटतो. येथे तो एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न होता. अख्ख्या हंगामात लीगने त्याला कोणतीही शिक्षा केली नाही.

त्याला कोणी काढलेही नाही. मार्च २०१७ मध्ये त्यानेच करारातील तरतुदीनुसार बाहेर पडण्याचा पर्याय निवडला. तो न निवडता तर आपण त्याला मोकळे करणारच होतो, असे संघाने नंतर सांगितले. त्यामुळे कॅलिफोर्नियाचा तो जुना कायदा हाताशी असूनही निरुपयोगी ठरला, कारण ‘कामावरून काढले’ असे म्हणण्याजोगी घटनाच घडली नव्हती. तो मोकळा झाला आणि बत्तीसपैकी एकाही संघाने त्याला बोलावले नाही. आदल्या हंगामात त्याच्या संघाची कामगिरी वाईट होती, हे खरे. त्याच्या नावावर १६ टचडाउन पास होते आणि त्याचे केवळ ४ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले होते, हेही खरे. २२ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अलाबामातील सभेत, गुडघा टेकणाऱ्यांना मालकांनी हाकलून द्यावे, असे जाहीर आवाहन केले. पुढच्याच महिन्यात कॅपरनिकने तक्रार दाखल केली. ती न्यायालयात नव्हे तर लवादापुढे गेली, आणि तिचा आधार घटना नव्हती. खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातील सामूहिक करारातले संगनमतबंदीचे कलम हा तिचा आधार होता.

या कलमाची पूर्वपीठिका मोठी उद्बोधक आहे. तिचा उगम बेसबॉलमध्ये आहे. १९६६ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या सँडी कूफॅक्स आणि डॉन ड्रिस्डेल या दोन गोलंदाजांनी ठरवून एकत्र पगारवाढ मागितली आणि ती मिळेपर्यंत सरावाला जाण्याचे नाकारले. मालक हादरले. खेळाडूंनी अशी एकजूट पुन्हा करू नये, असे कलम त्यांना करारात हवे होते. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले मार्विन मिलर तेव्हा खेळाडूंचे नेते झाले होते. त्यांनी ते मान्य केले, परंतु एका अटीवर : मालकांनीही आपसांत एकजूट करायची नाही. मालकांनी स्वतःच्या सोयीसाठी मागितलेले हे कलम १९८०च्या दशकात त्यांच्यावरच उलटले. मोकळ्या झालेल्या खेळाडूंना कोणीच बोली लावायची नाही असे त्यांनी आपसांत ठरवले होते, हे लवादापुढे सिद्ध झाले आणि १९९० साली २८ कोटी डॉलर भरून त्यांना तडजोड करावी लागली. अशाच आशयाचे कलम फुटबॉलच्या करारातही आले. पगाराच्या भांडणातून जन्मलेल्या या ओळींवर एका राजकीय निषेधाचा भार येऊन पडला, कारण दुसरी कोणतीही ओळ तो पेलायला नव्हती.

तो भार पेलण्याइतकी ती मजबूत होती काय? कलमानुसार एका मालकाने स्वतःच्या विचाराने एखाद्या खेळाडूला न घेणे गैर नव्हते; दोघांनी संगनमत केल्याचे दाखवावे लागत होते. शिवाय केवळ बोलावणे आले नाही, किंवा बोलावणे आले नाही आणि खेळाडू चांगला होता, एवढ्याने संगनमत सिद्ध होणार नाही, असे करारातच नमूद होते. म्हणजे मौन हा पुरावा नव्हे, हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करून ठेवले होते. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये लवाद स्टीफन बरबँक यांनी, प्रकरण पूर्ण सुनावणीआधीच निकाली काढावे, ही लीगची विनंती फेटाळली. त्यापुढचे काही जगाला कळले नाही. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी तडजोड जाहीर झाली आणि तिच्या अटी गोपनीय ठेवण्यात आल्या. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, आपण खेळाडूंचे आधीच ऐकायला हवे होते, अशी कबुली लीगच्या आयुक्तांनी दिली. त्या निवेदनात कॅपरनिकचे नाव नव्हते. मौनापासून सुरू झालेले प्रकरण मौनातच संपले.

या इतिहासाची दुसरीही बाजू आहे आणि ती एकट्या नायकाच्या गोष्टीत बसत नाही, म्हणून बहुधा सांगितली जात नाही. जुलै २०१६ मध्ये, कॅपरनिकच्या आधी, महिलांच्या बास्केटबॉल लीगमधील तीन संघांच्या खेळाडूंनी पोलिसी हिंसेच्या निषेधाचे काळे शर्ट घातले. लीगने खेळाडूंना प्रत्येकी ५०० डॉलर दंड केला. खेळाडू मागे हटल्या नाहीत. सामन्यानंतर खेळाविषयी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, असे काही संघांतील खेळाडूंनी मिळून ठरवले, आणि काही दिवसांतच दंड रद्द झाला. मे २०१८ मध्ये फुटबॉल लीगने मैदानावर उभे राहण्याची सक्ती करणारे धोरण एकतर्फी जाहीर केले. संघटनेने जुलैत त्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. १९३५च्या कामगार कायद्यातील जुने तत्त्व येथे आठवते : परस्परांच्या हितासाठी कामगारांनी मिळून केलेल्या कृतीला कायदा जे कवच देतो, ते एकट्याच्या मताला देत नाही.

२६ ऑगस्ट २०२० रोजी मिलवॉकी बक्स संघ तर सामन्यासाठी मैदानावर आलाच नाही. तीन दिवसांपूर्वी त्यांच्याच राज्यात, केनोशा येथे, जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. वृत्तपत्रांनी या कृतीला ‘बहिष्कार’ म्हटले. काटेकोर बोलायचे तर हा संप होता. ग्राहक बहिष्कार घालतो, कामगार संप करतो. करारात संपबंदीचे कलम होते आणि लीगला कारवाई करता आली असती. तिने ती केली नाही. उलट तीन दिवसांत मैदाने मतदान केंद्रांसाठी खुली करण्यासारखी आश्वासने देऊन खेळ पुन्हा सुरू केला. ‘संप’ हा शब्द सर्वांनीच टाळला, आणि तो टाळण्यात दोन्ही पक्षांची सोय होती. एकदा तो उच्चारला असता, तर कलम जागे झाले असते.

भारतीय वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहिलेल्या, पण धर्मश्रद्धेमुळे न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली, बिजो इमॅन्युएल खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. आपले नामवंत खेळाडू अनेकदा रेल्वे, पोलीस किंवा सार्वजनिक उपक्रमांत नोकरीला असतात. म्हणजे त्यांचा मालक शासन असते. तेथे घटना लागू होते, पण सेवावर्तनाचे नियमही लागू होतात. सरकारी नोकराच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, पण संपाचा मूलभूत हक्क त्याला नाही, असे कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ मध्येच ठरले आहे. २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगिरांपैकी काही जण रेल्वेचे कर्मचारी होते. आंदोलन ऐन भरात असताना साक्षी मलिक कामावर रुजू झाल्या, तेव्हा लढा सोडल्याच्या अफवा उठल्या आणि नोकरी करताना लढाही चालूच राहील, असा खुलासा त्यांना करावा लागला. क्रिकेटचे नियामक मंडळ मात्र घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले. उच्च न्यायालयाचे दार तेवढे उघडे राहिले. अमेरिकेतली ती भिंत आपल्याकडेही उभी आहे, फक्त तिची जागा थोडी वेगळी आहे.

आणि ती आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, अंगणातूनही जाते. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना कोणी काढून टाकत नाही. जूनमध्ये फक्त दूरध्वनी येत नाही. का आला नाही, हे विचारण्यासाठी हातात कागद नसतो. कॅपरनिकच्या गुडघ्याविषयी वर्गात बोलताना विद्यार्थ्यांना त्याचे शौर्य दिसते, ते दिसायलाही हवे. पण त्याला कायदा का वाचवू शकला नाही, हे त्या वर्गात तासावर शिकवणाऱ्या अध्यापकाला अधिक लवकर कळते.

अलीला त्याचा व्यवसाय परत मिळाला, कारण त्याच्यावरील अन्यायाखाली एका आयोगाची सही होती. नंतरच्या काळात मालक शहाणे झाले आणि सही करण्याचे थांबले. मौनालाही उत्तर द्यायला लावणारी जी थोडीफार साधने या इतिहासात दिसतात, ती घटनेच्या उदात्त वाक्यांतून आलेली नाहीत. पगार, मुदत आणि अटी यांवर वर्षानुवर्षे घासाघीस करणाऱ्या संघटनांच्या करारांतून आलेली आहेत. स्वातंत्र्याचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच आपल्या नेमणूकपत्रातील बारीक अक्षरेही वाचावीत, आणि ज्यांना नेमणूकपत्रच मिळत नाही त्यांच्याकरिता ते मागावे.